कामगारांच्या वतीने बोलायचं कोणी?

एकाच कारखान्याच्या गेटवर चार-पाच युनियनचे बोर्ड बघितले की आपण पुढाऱ्यांच्या भांडणांना नावं ठेवून मोकळे होतो. भांडणं होतीच. पण खरी गोम १९४६ ते १९४९ या चार वर्षांत आहे असं मला वाटतं. तेव्हा देशपातळीवरच्या संघटना भराभर निघाल्या, पण 'तुमच्या वतीने कोणी बोलायचं?' हे कामगाराला विचारायचं मात्र राहून गेलं.

प्रश्न तसा जुनाच. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिथे भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले. माणूस अभ्यासू आणि तळमळीचा, पण नेमणूक सरकारची! देशव्यापी संघटनाच नव्हती, तर निवडणार कोण? ही उणीव भरून काढायला ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत आयटक स्थापन झाली. पहिले अध्यक्ष लाला लजपतराय. १९२९ आणि १९३१ मध्ये ती फुटली, १९४० पर्यंत पुन्हा सांधलीही गेली.

मग आलं १९४२. काँग्रेसवाले तुरुंगात गेले आणि युद्धाला पाठिंबा देणारे कम्युनिस्ट बाहेर राहिले. काँग्रेसवाले सुटून आले तोवर आयटकवर कम्युनिस्टांची पकड बसली होती. ३ मे १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या साडेतीन महिने आधी, सरदार पटेल आणि गुलझारीलाल नंदा यांच्या पुढाकाराने दिल्लीत इंटक निघाली. मार्च १९४८ मध्ये नाशिकला समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले आणि त्याच डिसेंबरात हिंद मजदूर सभा उभी राहिली. अध्यक्ष नागपूरचे रा. स. रुईकर, सरचिटणीस अशोक मेहता. १९४९ मध्ये कलकत्त्यात यूटीयूसी आली. दोन वर्षांत एकाच्या चार! २३ जुलै १९५५ ला, टिळक जयंतीच्या दिवशी, दत्तोपंत ठेंगडींनी भोपाळमध्ये भारतीय मजदूर संघ काढला तो पाचवा.

आता कायद्याकडे येऊ. १९२६ च्या कायद्याने सात जण मिळून युनियन नोंदवू शकत होते. पण नोंदणी वेगळी आणि मालकाने बोलणी करणं वेगळं. मान्यता सक्तीची करणारी दुरुस्ती १९४७ मध्ये मंजूर झाली खरी, पण ती कधी अंमलातच आणली नाही! मुंबई प्रांताने मात्र १९४६ मध्ये स्वतःचा औद्योगिक संबंध कायदा केला. तेव्हा प्रांताचे कामगारमंत्री होते गुलझारीलाल नंदा. अहमदाबादच्या मजूर महाजनचे चिटणीस म्हणून त्यांची हयात गेलेली. तिथे सगळ्या गिरण्यांची मिळून एकच संघटना आणि संपाऐवजी लवाद अशी घडी बसली होती. तीच मुंबईला लावली गेली.

या कायद्याप्रमाणे एका भागातल्या एका धंद्यात ठराविक टक्के सभासद दाखवणारी युनियन 'प्रातिनिधिक' ठरते, आणि हा टक्का निम्म्याहून बराच कमी. मोजणी सभासदत्वाच्या नोंदींवरून, मतदान नाही. एकदा तो शिक्का बसला की सगळ्यांच्या वतीने बोलायचा हक्क तिचाच. मुंबईच्या गिरण्यांमध्ये तो शिक्का इंटकच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाला.

नंदांची बाजूही समजून घेतली पाहिजे. फाळणी, टंचाई, रोजचे संप... डिसेंबर १९४७ मध्ये सरकार, मालक आणि कामगार यांनी औद्योगिक शांततेचा ठरावही केला होता. अशा वेळी बोलणी करायला एकच माणूस समोर असावा असं वाटणं स्वाभाविक आहे. पण तो माणूस कामगारांनी निवडलेला असावा, हे त्या घाईत राहिलं.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. १९५० मध्ये बोनससाठी मुंबईच्या गिरण्या दोन महिन्यांहून जास्त बंद राहिल्या. संप समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेचा, आणि मान्यताप्राप्त संघ विरोधात! पुढे वर्षानुवर्षं आयटक आणि हिंद मजदूर सभा गुप्त मतदान मागत राहिल्या, इंटक नोंदींच्या तपासणीवर ठाम राहिली.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढीची मागणी सगळ्यांना आठवते. पण १९४६ चा कायदा रद्द करा आणि त्या संघाची मान्यता काढा, ही मागणीही तितकीच मोठी होती. बहुसंख्य कामगार एकीकडे, कायद्याने ठरवलेला प्रतिनिधी दुसरीकडे, आणि मालक म्हणत होते आम्ही कायद्याप्रमाणेच चालतो. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या गेल्या, गिरणगावही गेलं. त्याला जुनी यंत्रं, जमिनीचे भाव अशी इतरही कारणं आहेत. पण बोलणी करण्याची वाटच बंद होती, हे त्यातलं एक.

संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला वाटाघाटीचा हक्क दिला आहे. चांगलं आहे. फक्त ते ५१ टक्के मोजायचे कसे, पावत्या बघून की मतपेटी ठेवून, इथेच सगळं अडतं. १९४६ मध्येही इथेच अडलं होतं.