आजचे जेतेपद की उद्याचा खेळाडू? बेसबॉलमधील एका अदलाबदलीचा हिशेब

१/
१२ ऑगस्ट १९८७. अमेरिकन बेसबॉलमधील डेट्रॉइट टायगर्स आणि अटलांटा ब्रेव्ह्स या संघांनी एकेका खेळाडूची अदलाबदल केली. डेट्रॉइटकडे ३६ वर्षांचा डॉयल अलेक्झांडर आला, अटलांटाकडे २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ गेला. दोघेही पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारे. या व्यवहारात फसले कोण, यावर आजही वाद होतो.

२/
त्या दिवशी दोघांच्याही नावावर अभिमानाने सांगावे असे काही नव्हते. अलेक्झांडरने त्या हंगामात अटलांटाकडून ५ सामने जिंकले होते आणि १० गमावले होते. स्मोल्ट्झ तर मुख्य लीगपर्यंत पोहोचलाही नव्हता. ग्लेन्स फॉल्स येथील दुय्यम संघात त्याची कामगिरी ४ विजय, १० पराभव अशी होती. फरक होता तो वयाचा आणि गरजेचा. अटलांटा जेतेपदाच्या शर्यतीतून बाद झाला होता, डेट्रॉइट ऐन शर्यतीत होता.

३/
अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी ११ सामन्यांत सुरुवात केली. त्यांपैकी ९ त्याच्या खात्यावर विजय म्हणून जमा झाले, पराभव एकही नाही. डेट्रॉइटने टोरांटोला अवघ्या दोन सामन्यांच्या फरकाने मागे टाकून आपला गट जिंकला. पुढच्या फेरीत मात्र मिनेसोटाने त्यांना ४-१ असे हरवले आणि अलेक्झांडर आपले दोन्ही सामने हरला. १९८९ नंतर तो मुख्य लीगमध्ये खेळला नाही.

४/
स्मोल्ट्झने पुढे २१३ विजय आणि १५४ सेव्ह मिळवले. २०० विजय आणि १५० सेव्ह हे दोन्ही टप्पे ओलांडणारा तो एकमेव पिचर. १९९५ मध्ये अटलांटाने वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा तो त्या संघात होता. १९९६ मध्ये त्याला साय यंग पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये स्थान.

५/
हाच पेच त्याआधी काही वर्षे कागदावरही मांडला गेला होता. १९८० च्या हंगामात डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने मित्रांसह एक खेळ सुरू केला. मंडळी जेवायला जमत त्या मॅनहॅटनमधील उपाहारगृहावरून त्याला ‘रोटिसरी’ हे नाव पडले. आजच्या फँटसी बेसबॉलचा हा थेट पूर्वज.

६/
पुढे रूढ झालेल्या नियमांनुसार प्रत्येक ‘मालक’ २६० डॉलरच्या मर्यादेत, लिलावातून २३ खऱ्या खेळाडूंचा संघ उभा करतो. त्या खेळाडूंच्या मैदानावरील आकड्यांवर गुण ठरतात. कीपर लीगमध्ये आणखी एक मुभा असते: ठरावीक खेळाडू पुढच्या हंगामासाठी ठरलेल्या किमतीत राखून ठेवता येतात.

७/
या मुभेमुळे अदलाबदलीचे सारे गणित पालटते. समजा, एका ताऱ्याचे मोल ४० डॉलर आहे आणि तो ३८ ला घेतलेला आहे. दुसरा तरुण, मोल २५, किंमत फक्त ५. यंदाच्या गुणांसाठी तारा सरस. राखण्याच्या दृष्टीने मात्र ताऱ्याची बचत २ डॉलर, तरुणाची २०. म्हणून शर्यतीतून बाहेर पडलेला मालक तारा देतो आणि तरुण घेतो.

८/
त्यात महागाईची भर पडते. दहा मालकांकडे मिळून २,६०० डॉलर आणि तेवढ्याच मोलाचे खेळाडू आहेत असे धरू. ८०० डॉलर मोलाचे खेळाडू ४०० डॉलरना राखले गेले, तर लिलावात १,८०० च्या मालामागे २,२०० डॉलर धावतात. भाव सुमारे २२ टक्के चढतात. २५ डॉलरच्या त्या तरुणाला लिलावात साधारण ३० डॉलर मोजावे लागतील. म्हणजे त्याची खरी बचत २० नव्हे, २५ च्या घरात जाते.

९/
मग भांडण कशाचे? दोघांचाही लाभ होतो, पण तोटा तिसऱ्याला सोसावा लागतो. जो मालक पहिल्या क्रमांकासाठी प्रामाणिकपणे झुंजत असतो, त्याच्या प्रतिस्पर्ध्याला एका रात्रीत चार तारे मिळतात. म्हणूनच अनेक लीगनी अदलाबदलीला अंतिम तारीख लावली, काहींनी इतर मालकांना नकाराधिकार दिला. लीग टिकते ती परस्परविश्वासावर. तो गेला की पुढच्या वर्षी लिलावाला माणसेच जमत नाहीत.

१०/
पण नकाराधिकार वापरताना एक कसोटी पाळावी लागते. व्यवहार पारखायचा तो त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर, नंतरच्या निकालावर नव्हे. ऑगस्ट १९८७ मध्ये स्मोल्ट्झ हा १० पराभवांचा धनी होता. त्याचा हॉल ऑफ फेम तेव्हा कोणालाही दिसत नव्हता.

११/
या कसोटीवर डेट्रॉइटला मूर्ख ठरवता येत नाही. त्यांनी विजय मागितला आणि नऊ विजय मिळवले. गट जिंकला तो दोनच सामन्यांच्या फरकाने, हे विसरता येत नाही. किंमत मात्र त्यांनाच चुकवावी लागली. त्यानंतर बाद फेरीत पोहोचायला डेट्रॉइटला २००६ साल उजाडावे लागले. स्मोल्ट्झ तेव्हाही अटलांटाकडूनच खेळत होता.