दश्शी-दुर्रीची दंतकथा

१/ पोकरच्या ‘टेक्सस होल्डेम’ या प्रकारात दश्शी आणि दुर्री हाती आली, तर जाणकार खेळाडू ती पाने बहुधा टाकून देतो. तरीही जगभरच्या टेबलांवर ती ‘डॉयल ब्रन्सन’ या नावाने ओळखली जातात. हलक्या पानांना हा मान कसा लाभला, याविषयीचा हा धागा.

२/ या खेळात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग पाच सामाईक पाने उघडतात : आधी तीन, नंतर एकेक. या सातांतून उत्तम पाच निवडायची. दश्शी आणि दुर्रीत अंतर इतके की, दोन्ही मिळून पाच पानांच्या एकाही क्रमात बसत नाहीत.

३/ १९७६, लास व्हेगासमधील बिनियन्स हॉर्सशू कॅसिनो. ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत २२ खेळाडू, प्रत्येकी प्रवेशशुल्क १०,००० डॉलर. अखेरीस उरले दोघे : टेक्ससचा ब्रन्सन आणि जेसी आल्टो. आल्टोकडे एक्का-गुलाम, ब्रन्सनकडे इस्पिकची दश्शी-दुर्री.

४/ टेबलावर एक्का, गुलाम, दश्शी उघडली. आल्टोच्या दोन जोड्या झाल्या. चौथे पान दुर्री. ब्रन्सनच्याही दोन जोड्या, पण खालच्या. न दिसलेल्या ४४ पानांपैकी केवळ चार त्याला तारू शकत होती. पाचवे पान दश्शी निघाले. तीन दश्श्या, दोन दुर्र्या : फुल हाउस, आणि २,२०,००० डॉलर.

५/ १९७७. खेळाडू ३४. अंतिम डावात गॅरी बर्लंडकडे अठ्ठी-पंजी, ब्रन्सनकडे पुन्हा दश्शी-दुर्री. उघडली दश्शी, अठ्ठी, पंजी, मग दुर्री, मग दश्शी. पुन्हा तेच फुल हाउस. या वेळी ३,४०,००० डॉलर. दंतकथा जन्मली ती येथे.

६/ दंतकथा एक संदर्भ गाळते. दोन्ही डावांत टेबलावर दोघेच उरले होते. नऊ-दहा जणांत कोणाकडे तरी भारी पाने असतातच. एकाच प्रतिस्पर्ध्याकडे ती क्वचित असतात. शिवाय ‘ब्लाइंड’ची सक्तीची रक्कम सतत भरावी लागते. उत्तम पानांची वाट पाहत बसणारा हळूहळू रिता होतो. म्हणून पाने तीच, मोल निराळे.

७/ ‘सुपर/सिस्टम’ या ग्रंथात ब्रन्सनने हलक्या पानांची बाजू घेतली, ती प्रामुख्याने एकाच रंगाच्या, लागोपाठच्या पानांची. त्यामागचा हिशेब असा : न जुळल्यास ती अल्प खर्चात टाकता येतात, जुळल्यास एक्क्यांच्या जोडीवर विसंबलेल्या प्रतिस्पर्ध्याला सुगावाही लागत नाही. मात्र दोघांपुढेही रकमेची रास मोठी हवी. दश्शी-दुर्री या वर्गात मोडत नाही.

८/ २००३ साली ८३९ खेळाडूंतून ख्रिस मनीमेकर जिंकला, तोही पंजी-चौकीवर. हा अखेरचा डावही दोघांतलाच होता.

९/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही साधनांची जुनी अडचण ओळखीची वाटेल. विजेत्याचा अखेरचा डाव नोंदला जातो. त्याच पानांवर इतरत्र गमावलेल्या असंख्य डावांची नोंद कोणी ठेवत नाही. ब्रन्सन २०२३ मध्ये निवर्तला. त्याच्या नावाने या पानांवर पैसे लावणाऱ्याने आधी पाहावे : टेबलावर किती जण उरले आहेत, आणि आपल्यापुढे रक्कम किती आहे?