ओफीर आणि सोपारे : एका अक्षराची कैफियत

आषाढ लागला की नवापूरच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवलेल्या दिसतात. बोईसरच्या पश्चिमेस, तारापूरच्या कारखान्यांचा धूर ओलांडून समुद्राशी पोहोचलेल्या या गावात नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या हा केवळ पाहावयाचा विषय असतो. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याशी वाद घालण्याचा प्रघात येथील नाखव्यांत नाही. तांबड्या समुद्रातून निघालेले तारू हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याला लावणारा वारा हाच, आणि त्याला परत नेणारा हिवाळ्यातील ईशान्येचा. यास्तव त्या दोन देशांमधील व्यापार मनुष्याच्या घाईने कधी चाललाच नाही, तो ऋतूंच्या हुकमतीखाली चालला. हे ध्यानी घेतले म्हणजे हिब्रू धर्मग्रंथातील एका त्रोटक उल्लेखाने गेली दोन हजार वर्षे विद्वानांना कामाला का लावले आहे आणि त्या वादात येथून पन्नासएक किलोमीटर दक्षिणेस असलेल्या सोपाऱ्याचे नाव कसे गुंतले आहे, याचा उलगडा होऊ लागतो.

तो उल्लेख ओफीरचा. इसवी सनापूर्वी दहाव्या शतकात होऊन गेलेल्या शलमोन राजाने एदोम देशात, तांबड्या समुद्राच्या तीरी, एसयोन-गेबेर येथे तारवे बांधली, सोराचा राजा हिराम याने दर्यावर्दी खलाशी पुरवले, आणि त्यांनी ओफीरला जाऊन 420 किक्कार सोने आणले, अशी नोंद 'राजे' या ग्रंथात आहे. 'इतिहास' या ग्रंथातील कारकुनाने तीच रक्कम 450 लिहिली आहे. एक किक्कार सुमारे 34 किलोंचा धरला तर पहिलाच आकडा चौदा टनांच्या घरात जातो. तेव्हा तीस किक्कारांच्या तफावतीवरून कोणा दफ्तरदाराला दोष द्यावा, की दोन्ही आकडे राजस्तुतीच्या खाती जमा धरावेत, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. पण शलमोनाच्या ऐश्वर्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी ओफीरच्या सोन्याचा बोलबाला खोटा ठरत नाही. आजच्या तेल अवीवजवळ तेल कासिले येथे इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील एक खापर सापडले आहे, आणि त्यावर ओफीरच्या सोन्याची तीस शेकेलांची साधी, व्यापारी नोंद आहे.

मात्र ओफीर कोठे आहे हे ग्रंथ कोठेच सांगत नाही. उत्पत्तीच्या वंशावळीत ते एका पुरुषाचे नाव आहे. ईयोबाच्या ग्रंथात आणि यशयाच्या वाणीत ते उत्तम सोन्याला लावलेले विशेषण झाले आहे, जसे आपण पैठणी म्हणताना पैठणचा रस्ता आठवत नाही. यहोशाफाट राजाने पुढे तेथे जाण्यासाठी पुन्हा तारवे बांधली, ती एसयोन-गेबेर येथेच फुटली, आणि ग्रंथातील ती वाट तेथेच बंद झाली.

वाट हरवल्यावर वाटाडे वाढले. कोणी ओफीर अरबस्तानात दाखवले, आणि वंशावळीचा पुरावा पाहता तो पक्ष दुबळा नाही; कोणी आफ्रिकेतील सोफाळ्याकडे बोट केले; 1568 साली एका स्पॅनिश दर्यावर्द्याला प्रशांत महासागरात बेटे लागली, त्यांना आजही शलमोनाचेच नाव आहे. हिंदुस्थानच्या पक्षाने मालाच्या यादीवर भिस्त ठेवली. तीन वर्षांतून एकदा येणारी तारवे सोने, रुपे, हस्तिदंत, वानरे आणि मोर आणीत, असे ग्रंथात आहे. त्यातील वानराचा हिब्रू शब्द 'कोफ' संस्कृत 'कपि'शी आणि मोराचा 'तुक्की' तमिळ 'तोकै'शी जुळवून दाखवण्यात आला. युक्तिवाद रोचक आहे, परंतु ज्या वाक्यात ही यादी आहे त्यात ओफीरचे नाव नाही, आणि तमिळ शब्द हाती लागला तर त्याने आपण कोकणात नव्हे, त्याच्याही पुष्कळ दक्षिणेस पोहोचतो.

सोपाऱ्याची बाजू मुख्यतः नावावर उभी आहे, आणि तिच्यावरील हरकतीही ठळक आहेत. कोकणात सोन्याची खाण नाही. बंदरातून परदेशचा माल जातोच, म्हणून ही हरकत एकवेळ रद्द करता येईल. कालाची हरकत रद्द करता येत नाही. सोपाऱ्यात जे पुरातन अवशेष हाती आले आहेत ते मौर्यकाळापर्यंत नेतात, आणि शलमोन त्यांच्या सहाशेहून अधिक वर्षे आधीचा. मग या गावाचे नाव त्या ग्रंथाशी जोडले तरी कोणी?

मला वाटते, एका भाषांतरकाराने. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले, आणि मुळात 'ओफीर' असलेले नाव त्यात कित्येक ठिकाणी 'सोफीर' झाले. मुळात नसलेले हे 'स' कोठून आले? हा काळ अशोकाचा आणि त्याच्या निकटच्या पिढ्यांचा. सोपारे तेव्हा नांदते होते. पुढे 'पेरिप्लस'च्या लेखकाने आणि टॉलेमीने ज्या बंदराचे नाव 'सुप्पारा', 'सुपारा' असे नोंदवले, ते मिसरच्या धक्क्यांवर खलाशांच्या तोंडी आधीपासून असणे अशक्य नाही. अज्ञात नाव लिहिताना कानावरचे ओळखीचे नाव लेखणीत उतरते, हे ज्याने कधी नक्कल उतरवली आहे त्याला सांगावे लागत नाही. पहिल्या शतकात यहुदी इतिहासकार जोसेफसने सोफीर हिंदुस्थानात असल्याचे निःशंकपणे लिहिले, आणि कॉप्टिक भाषेत तर हिंदुस्थानालाच 'सोफीर' म्हणू लागले. शलमोनाची तारवे सोपाऱ्याला लागली असे मी म्हणणार नाही. पण सोपाऱ्याचे एक अक्षर त्या ग्रंथात जाऊन बसले असावे, एवढे अनुमान करण्याचे धारिष्ट मी करतो.

आपल्याकडील ग्रंथांतही या गावाची ख्याती थोडी नाही. महाभारतात समुद्राने परशुरामासाठी सोडलेली भूमी ती शूर्पारक. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताने ज्या गावांत चतुःशाला बांधल्याचे कोरून ठेवले त्यांत 'शोर्पारग' आहे. पण मला सर्वांत जवळची वाटते ती 'दिव्यावदाना'तील पूर्णाची कथा. शूर्पारकचा हा व्यापारी दासीपुत्र. भावांनी हिस्सा नाकारल्यावर सरपणाच्या मोळीत गोशीर्ष चंदन ओळखून त्याने आपले भाग्य उभे केले, सहा वेळा समुद्रपार जाऊन सुखरूप परतला, आणि सातव्या सफरीत सोबतचे श्रावस्तीचे व्यापारी बुद्धवचने म्हणत होते ती ऐकून त्याचे मन व्यापारातून उडाले. पुढे समुद्रपारहून आणलेल्या चंदनाचा प्रासाद बांधून त्याने बुद्धाला शूर्पारकात आमंत्रिले. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ही कथा रंगवलेली आहे. ओफीरहून आलेल्या मालात 'अलमुग' नावाचे लाकूड होते. शलमोनाने ते मंदिरासाठी आणि वीणांसाठी वापरले, आणि कित्येक टीकाकार त्याचा अर्थ चंदन असाच करतात. दोन धर्मग्रंथ, दोन समुद्रतीर, आणि दोहोंकडे देवकार्याला लागलेले जहाजातून आलेले लाकूड! याला कोणी पुरावा म्हणू नये. एकाच दर्यावर व्यापार करणाऱ्यांच्या कथा सारख्या होतात, एवढेच.

नाळे आणि सोपारे या गावांच्या नावांचा रेल्वेने जो समास केला, त्या नालासोपाऱ्यात आज हे सारे शोधू जाणाऱ्याची निराशा होते. खाडी गाळाने भरली, बंदर मागे हटले, आणि वस्तीने उरलेले झाकले. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा उंचवटा उकरला, तेव्हा तो स्तूप निघाला. त्याच्या गर्भात दगडी पेटी, आणि तीत एकात एक बसवलेले करंडक, शेवटचा सोन्याचा, आणि त्या सोन्यात मातीच्या भिक्षापात्राच्या खापऱ्या! ते करंडक आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. याच परिसरातील नंदाखाल गावी जन्मलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी पुढे समग्र बायबल 'सुबोध बायबल' या नावाने मराठीत आणले आणि 2013 साली त्यांना अनुवादाचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ओफीरची कथा अशा रीतीने सोपाऱ्याच्या शेजाऱ्याच्याच हातून मराठीत लिहिली गेली.

स्तूपाच्याच वर्षी भगवानलालांना येथे अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला, आणि 1956 साली जवळच्या भुईगावात नवव्याचा. आठव्या शासनाचा विषय असा की पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत, परंतु अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत काय करावयाचे याचा तपशील त्याने दिला आहे : ब्राह्मणांचे आणि श्रमणांचे दर्शन व त्यांना दान, जनपदातील लोकांच्या भेटी, आणि वृद्धांचे दर्शन घेऊन त्यांना सोने देणे.