हबशांचा इतिहास आणि मलुंगा

जालना जिल्ह्यांतील रोशनगांव येथें 1616 सालीं निजामशाहीचा हबशी वजीर मलिक अंबर याचा मोगलांनीं पराभव केला, व पुढें त्याची खडकी लुटली. तरीही 1624 सालीं भातवडीस त्यानें मोगल व आदिलशाही या दोन्ही फौजांना धूळ चारली. इथिओपियांत जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष आपणांस परिचित आहेच. परंतु, श्रोतेहो, आफ्रिकेंतून आलेले सारेच लोक कांहीं वजीर झाले नाहींत. खलाशी, पहारेकरी, चाकर म्हणून जे विखुरले, त्यांचा समाज कोणीं एकत्र राखिला?

याचें उत्तर गुजराथेंत, राजपिपळ्याच्या बाजूस रतनपूरच्या टेकडीवर सांपडतें. तेथें बावा गोर या हबशी पिराचा दर्गा आहे. अकीकाच्या व्यापाराशीं परंपरा त्याचें नांव जोडते. सिद्दी फकीर हे त्याचे सेवक. मलुंगा हें त्यांचें वाद्य. धनुष्यासारख्या वांकविलेल्या काठीस तार ताणलेली, आणि नाद घुमावा म्हणून तिला भोपळा बांधलेला. सोबतच्या करवंटीच्या खुळखुळ्यास पिराची बहीण माई मिस्रा हिचें नांव आहे. उंच ढोलास मुगरमान म्हणतात. त्यांच्या वादन-नृत्यास ‘गोमा’ अशी संज्ञा आहे, आणि पूर्व आफ्रिकेंतील स्वाहिली भाषेंत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल. पूर्वजांची बोली मागें पडली. हा शब्द मात्र ढोलाबरोबर टिकला.

आपल्याकडील गोंधळ्याप्रमाणें हा फकीरही नुसता वादक नव्हे. पिराच्या नांवें मलुंगा वाजवीत तो भिक्षा मागे, आशीर्वाद देई, पीडितांचें गाऱ्हाणें ऐके. उरुसांत त्याच्या ढोलाभोंवतीं गांवोगांवचे सिद्दी जमतात. मुंबईंत डोंगरीच्या वस्तींतही या पिराची उपासना चालत आली आहे. अशा मेळ्यांतच आपण एका कुळाचे, ही जाणीव पिढ्यानुपिढ्या पोहोंचली.

निजामशाही 1636 सालीं बुडाली. सिद्द्यांचें जंजिरा संस्थान 1948 सालीं विलीन झालें. तख्ताच्या आधारानें चालणारें पुढारीपण तख्ताबरोबर संपलें. फकिराच्या पुढारीपणास तख्त नव्हतें, म्हणून तें टिकलें. परंतु मलुंग्याचे जाणते वादक आतां थोडे उरले आहेत. बखरींत ज्यांचीं नांवें नाहींत, त्यांची आठवण या तारेनें राखिली आहे. ती तार शिकणारा कोणी नसेल, तर इतिहासाचें एक पान न वाचतांच मिटेल.