मांजराला खुनी माहीत असतो, मग गोष्ट तिथेच का संपत नाही?

पीएच.डी.ची तयारी करताना बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. विषय सापडलेला असतो, भरपूर वाचूनही झालेलं असतं, पण प्रपोजल लिहायला बसलं की हातात फक्त माहितीचा ढीग असतो. प्रश्न नसतो. आज ढिगातून प्रश्न कसा काढायचा ते एका हलक्याफुलक्या विषयावर करून बघू. विषय आहे इंग्रजीतल्या 'कोझी' रहस्यकथा आणि त्यांतले बोलणारे पाळीव प्राणी.

कोझी म्हणजे काय, ते आधी ठरवून घेऊ. गाव छोटं, सगळे सगळ्यांना ओळखणारे. खून होतो, पण रक्तपात पानावर फारसा दिसत नाही. शोध घेणारी व्यक्ती पोलिसांतली नसते. ती पोस्ट सांभाळणारी असेल, बेकरी चालवणारी असेल, नाहीतर शेजारची आजी. शेवटी खुनी सापडतो आणि गावाची घडी पुन्हा बसते. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९३० साली 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' या कादंबरीत आली. तिचं सेंट मेरी मीड हे गाव या प्रकाराचा नमुनाच ठरलं. पुढे अमेरिकेत याच साच्यात कुत्री-मांजरी शिरली आणि काही पुस्तकांत बोलायलाही लागली.

पहिला मोह: सरळ रेघ

साधारणपणे आपण काय करतो? सनावळी मांडतो. १८४१ मध्ये एडगर ॲलन पोच्या 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' मध्ये ओरांगउटान. १८९२ मध्ये शेरलॉक होम्सच्या 'सिल्व्हर ब्लेझ' मधला न भुंकलेला कुत्रा. १९३७ मध्ये ख्रिस्तीच्या 'डम्ब विटनेस' मधला बॉब नावाचा टेरियर. १९६६ मध्ये लिलियन जॅक्सन ब्रॉनचा सयामी बोका कोको. आणि १९९० मध्ये रिटा मे ब्राउनच्या 'विश यू वेअर हिअर' मधली मिसेस मर्फी ही मांजरी आणि टी टकर ही कॉर्गी कुत्री. मग खाली लिहून टाकतो की रहस्यकथेतले प्राणी दीडशे वर्षांत हळूहळू बोलायला शिकले.

वाक्य छान आहे, पण आधार काहीच नाही. एक गोष्ट दुसरीच्या आधी घडली म्हणजे ती तिचं कारण होत नाही. ब्रॉनचंच बघा. १९६६, ६७ आणि ६८ मध्ये तिची लागोपाठ तीन पुस्तकं आली. चौथं आलं थेट १९८६ मध्ये. मधली अठरा वर्षं मालिका बंदच होती. सरळ रेघ ही अठरा वर्षं गिळून टाकते. शिवाय बोलणारा प्राणी हे शिकण्याचं शेवटचं टोक वगैरे नाही. आपण पंचतंत्र ऐकत मोठे झालोय. तिथले कोल्हे-कावळे केव्हापासून बोलताहेत, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

तेव्हा सनावळी ठेवा, पण तिला उत्तर समजू नका. तिच्यावर एक प्रश्न टाका. माझा प्रश्न असा: प्राण्याला जे माहीत आहे, ते माणसापर्यंत कसं पोचतं? हा आपला व्हेरिएबल. आता तीच पुस्तकं परत वाचा. सरळ रेघेच्या जागी तीन वेगळे गट दिसतील.

गट एक: प्राणी म्हणजे खूण

'सिल्व्हर ब्लेझ' मध्ये रात्री तबेल्यातून घोडा नेला जातो आणि तिथला कुत्रा भुंकत नाही. म्हणजे आलेला माणूस ओळखीचा. कुत्र्याने काही सांगितलेलं नाही. त्याच्या न भुंकण्याचा अर्थ होम्सने लावला. 'डम्ब विटनेस' मध्ये एक वृद्ध बाई जिन्यावरून पडते आणि दोष जातो बॉबच्या चेंडूवर. पण बॉब त्या रात्री घराबाहेर होता, मग चेंडू जिन्यावर आला कसा? इथे एक गंमत आहे. निवेदक हेस्टिंग्ज बॉबच्या तोंडी चक्क वाक्यं घालतो. पण खटला त्या वाक्यांवर उभा नाही, तो बॉब कुठे होता यावर उभा आहे. पोच्या कथेत तर साक्षीदारांनी ओरांगउटानचा आवाज ऐकलाय, आणि प्रत्येकाला तो स्वतःला न येणाऱ्या कुठल्यातरी परदेशी भाषेसारखा वाटलाय. प्राणी बोललाच नाही, माणसांनीच त्यात भाषा ऐकली.

गट दोन: प्राणी इशारा देतो

ब्रॉनचा कोको बोलत नाही. तो ओरडतो, शेल्फवरून एखादं पुस्तक पाडतो, नको तिथे नाक खुपसतो. त्याचा मालक क्विलरन हा पत्रकार. तो त्यातून अर्थ काढतो आणि गुन्ह्याचा माग लागतो. कोकोला खरंच कळतं की हा योगायोग, हे ब्रॉन बऱ्यापैकी मोघम ठेवते.

सायन्सवाल्यांना इथे बर्लिनचा 'हुशार हान्स' आठवायला हवा. हा घोडा खुराने टकटक करून गणितं सोडवायचा. १९०४ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या नेतृत्वाखाली समितीने तपासणी केली, लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्टने साधी गोष्ट केली. ज्याला स्वतःलाच उत्तर माहीत नाही अशा माणसाला प्रश्न विचारायला लावला. घोडा चुकायला लागला. विचारणारा दिसेनासा केला, तरी तेच. घोडा गणित करत नव्हता. योग्य आकड्याशी आल्यावर विचारणाऱ्याच्या नकळत होणारी डोक्याची बारीक हालचाल तो टिपत होता. फुंग्स्टने हे १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं.

आता क्विलरनकडे बघा. कोको दिवसभरात किती वस्तू पाडत असेल? त्यातल्या कोणत्या 'इशारा' ठरतात? ज्या आधीच मनात असलेल्या संशयाशी जुळतात, त्या. आपणही डेटाशी हेच करतो. जुळलेला पॉइंट 'निष्कर्ष' होतो, न जुळलेला 'नॉइज'. कादंबरीत हे चालतं, थीसिसमध्ये चालत नाही.

गट तीन: प्राणी बोलतो, पण माणसाला कळत नाही

रिटा मे ब्राउनने ही मालिका आपल्या 'स्नीकी पाय' या मांजरीला सहलेखिका करून लिहिली. गाव आहे व्हर्जिनियातलं क्रोझे, आणि ते खरोखर नकाशावर आहे. हॅरी तिथलं पोस्ट सांभाळते. गावातल्या काहींना थडग्याच्या चित्राची पोस्टकार्डं येतात आणि मग खून होतात. मर्फी आणि टकर एकमेकींशी बोलतात, वास काढतात, तर्क लढवतात. वाचकाला सगळं ऐकू येतं. हॅरीला ऐकू येतं फक्त म्यांव आणि भू भू.

शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मांजर माणसाला सांगू शकली असती, तर तिला कळलं की गोष्ट खलास. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्सने रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते. त्यांत दैवी किंवा अतिमानवी मदतीला बंदी होती, आणि सापडलेला पुरावा वाचकापासून लपवायचा नाही असंही होतं. ब्राउनने प्राण्यांना वाचा दिली आणि माणसांच्या कानापुढे भिंत घातली. त्यामुळे रहस्य टिकलं. प्राण्यांना हॅरीला धरून-ओढून पुराव्याजवळ न्यावं लागतं. पटायचं ते तिला तिच्या डोळ्यांनी पटतं.

छोटं गाव इथेच उपयोगी पडतं. मांजर पायी जाईल एवढ्या टापूत सगळे संशयित हवेत. कुत्री कुणाच्याही अंगणात शिरली तरी कुणी हटकायला नको.

अपवाद शोधा

गट पाडून झाले म्हणजे काम झालं, असं नाही. आता स्वतःचाच मुद्दा मोडायचा प्रयत्न करा. बोलणारा प्राणी आला की कथा कोझीच होते का? नाही. आकिफ पिरिंचीच्या 'फेलिडे' या १९८९ च्या जर्मन कादंबरीत फ्रान्सिस नावाचा बोकाच निवेदक आहे, पण कथा अंधारी आणि क्रूर आहे. मग छोटं गाव तरी लागतंच का? तेही नाही. कॅरोल नेल्सन डग्लसचा मिडनाइट लुई हा बोका १९९२ पासून लास व्हेगाससारख्या शहरात फिरतो. म्हणजे 'बोलणं' आणि 'छोटं गाव' हे दोन स्वतंत्र व्हेरिएबल आहेत. ते एकत्र आले की काम सोपं होतं इतकंच म्हणता येतं. असं आखडतं वाक्य लिहायला जीवावर येतं, पण व्हायवात तेच टिकतं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातून एकच गोष्ट घेण्यासारखी आहे. मिसेस मर्फीला खरं माहीत असतं, पण माहीत असणं म्हणजे सिद्ध करणं नव्हे. दुसऱ्याला तपासता येईल अशा रूपात पुरावा समोर ठेवेपर्यंत तिचं ज्ञान म्हणजे म्यांवच. गाईडसमोर "सर, मला आतून माहितीये की असंच आहे" म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांची अवस्था तीच असते.

तुमच्यासाठी काम: तुमच्या विषयातल्या पाच कृती किंवा पाच घटना सनावळीने लिहा. मग त्या सगळ्यांना विचारता येईल असा एकच प्रश्न काढा, ज्याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी सारखं येणार नाही. उत्तरं वेगळी आली तर गट पाडा आणि प्रत्येक गटाला एक तरी अपवाद शोधा. सगळीकडे उत्तर एकच आलं, तर प्रश्न बदला. प्रपोजलचं पहिलं पान यातूनच तयार होईल.