शिकारखान्यातला गेंडा

पुण्याच्या प्राणिसंग्रहालयाचा इतिहास आपण बहुधा १९५३ च्या पेशवे पार्कपासून सांगतो. वस्तुतः त्याच परिसरात, पर्वतीच्या पायथ्याशी, सवाई माधवरावांचा शिकारखाना होता. त्यातील गेंड्याचे गंगाराम तांबट यांनी १७९० मध्ये काढलेले चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गंगाराम हे इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्या पदरी होते. म्हणजे प्राणी पेशव्यांचा, हात मराठी चित्रकाराचा आणि नोंद मात्र परक्याच्या दप्तरी! या चित्रात गेंडा कुणा देवाचे वाहन नाही की शिकारीतले सावज नाही. तो स्वतःच विषय आहे. मराठी चित्रकलेत ही दृष्टी नवी होती, आणि तिचे मोल दरबारी थाटाच्या वर्णनांहून मला अधिक वाटते. नाना फडणविसांच्या देखरेखीखाली वाढलेला सोळा वर्षांचा पेशवा आणि त्याचे बंदिस्त प्राणी, हे रूपक कादंबरीकाराला मोहवील. इतिहासलेखकाने ते दूर ठेवावे.

पेशवे पार्कमधील प्राणी पुढे कात्रजच्या, १९९९ मध्ये सुरू झालेल्या संग्रहालयात गेले. पुणेकरांच्या आठवणींत मात्र पार्क म्हटले की आधी येते ती १९५६ ची ‘फुलराणी’, ती छोटी आगगाडी.