पुळुमावीचा टॉलेमी

इसवी सन 150च्या सुमारास इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात टॉलेमी नावाच्या विद्वानाने जगाचा भूगोल लिहिला. त्यात ‘बैठन’ आहे, म्हणजे आपले पैठण. तिथल्या राजाचे नाव दिले आहे ‘सिरि पोलेमाइओस’. काही हस्तलिखितांत ‘प्तोलेमाइओस’. गोदाकाठी हा टॉलेमी आला कुठून?

हा राजा म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावी. गौतमीपुत्र सातकर्णीचा मुलगा. त्यांच्या सातवाहन घराण्याची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. इथे फक्त या एका नावाचा शोध घ्यायचा आहे.

एक मत असे, की ‘त’ नकलकारांनी घुसडला. ते खरे असेल, पण तेवढ्याने कोडे सुटत नाही. ‘त’ काढला तरी पुळुमावीचे ‘पोलेमाइओस’ उरतेच. याच ग्रंथात उज्जैनचा चष्टन ‘तिआस्तनेस’ झाला आहे. त्याला कुणी ओळखीचे ग्रीक नाव चढवले नाही. म्हणजे लिहिणारा कानाला पडेल तसे लिहीत होता. मग पुळुमावीच्याच वेळी ओळखीचे ग्रीक नाव का यावे? कारण ते नाव ऐकताच इजिप्तच्या माणसाला घरचे नाव आठवले असणार. इसवी सनपूर्व 30मध्ये क्लिओपात्राबरोबर संपलेल्या शेवटच्या फॅरो घराण्यातल्या राजांचे नाव टॉलेमीच होते. लाल समुद्रातून भडोचला ये-जा करणाऱ्या खलाशांच्या तोंडीच हा बदल झाला, हेच अधिक पटते.

‘सिरि’ मात्र अस्सल आपले, म्हणजे ‘श्री’. पुळुमावीच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला प्राकृतात ‘सिरि’ आहे, दुसऱ्या बाजूला द्राविडी बोलीत ‘तिरु’. एकीकडे ‘पुत’, दुसरीकडे ‘माकण’. दोन्हींचा अर्थ मुलगा. इजिप्तमधल्या रोझेटा शिलेवर एकच मजकूर तीन लिप्यांत होता आणि चौकटीतल्या टॉलेमीच्या नावावरून इजिप्तची चित्रलिपी उलगडू लागली. इथे एक नाणे दोन भाषांतले शब्द असेच शेजारी ठेवून दाखवते.

दोन्हीकडची नावामागची श्रद्धा मात्र वेगळी. फॅरोच्या पाच नावांपैकी एक ‘रा’चा, म्हणजे सूर्याचा, पुत्र म्हणून असे. ‘फॅरो’ हा शब्दही मुळात ‘मोठे घर’. वाड्यावरून हुकूम आला म्हणावे तसा. सातवाहन राजा आपली ओळख आईच्या गोत्रावरून सांगे. यावरून मातृसत्ता होती असे काहीजण म्हणतात, पण गादी बापाकडून मुलाकडे जात होती. अनेक राण्यांची मुले ओळखू यावीत, ही त्यामागची साधी गरज असावी. तरी आईचा मान खरा होता. नाशिकच्या लेण्यात पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी लेख कोरवला तो त्याची आजी गौतमी बलश्री हिने.

पुळुमावीचे नाव व्यापाराच्या वाटेने गेले असेल, तर त्या वाटेचा पुरावा पाहायला आता जालना जिल्ह्याकडे. केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या दानलेखांत इथल्या दात्यांची नोंद आहे. 1973मध्ये शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांनी इथली पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, खणली. सातवाहन नाणी निघाली आणि हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडाही. तिची बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीत, 79 साली राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत सापडली आहे. माल एवढा दूर जात होता, तर राजाचे नाव का जाणार नाही?

भोकरदन-अंबड भागात नांगरटीत जुने नाणे हाती लागले, तर ते आटवायला नेऊ नका. आधी जाणकाराला दाखवा, आणि दोन्ही बाजू वाचून घ्या.